गेममधलं पिस्तूल किती खरं?

दुसऱ्या महायुद्धावरच्या गेममध्ये सोव्हिएत सैनिकाच्या हाती सायलेन्सर लावलेलं रिव्हॉल्व्हर दिसलं की जाणकार खेळाडू नाक मुरडतात. एरवी त्यांचं बरोबर असतं. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर आणि नळी यांच्यात बारीक फट असते. बार उडाला की वायू तिथूनही निसटतो, त्यामुळे नळीच्या टोकाला सायलेन्सर बसवून फारसा उपयोग नसतो.

१८९५ सालचं ‘नागान’ हे रशियन रिव्हॉल्व्हर मात्र अपवाद. घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा भाग) मागे गेला की त्याचा सिलिंडर पुढे सरकून नळीला भिडतो. काडतूसही वेगळं: गोळी पितळी पुंगळीत पूर्ण बुडालेली असते आणि पुंगळीचं तोंड नळीत शिरतं. बार उडताच ते फुगून फट बुजवतं. सोव्हिएत सैन्याने यावर ‘ब्रामित’ नावाचा सायलेन्सर खरोखर वापरला. तेव्हा इथे गेमवाले पास!

नापास होतात ते रिकामं नागान पुन्हा भरताना. त्याचा सिलिंडर बाहेर उघडत नाही. उजवीकडच्या छोट्या झडपेतून दांडीने एक पुंगळी ढकलायची, सिलिंडर फिरवायचा, पुढची ढकलायची. सातही निघाल्या की तसंच एकेक काडतूस आत सारायचं. गेममध्ये हे काम दोन-चार सेकंदांत उरकतं. खरा वेळ लावला तर खेळाडू भरता भरताच मरेल, हे मान्य.

दुसरी लाडकी समजूत म्हणजे .४५ इंच जाडीच्या गोळीचं अमेरिकन एम१९११ पिस्तूल जर्मन ल्यूगर पिस्तुलापेक्षा कितीतरी ताकदवान. एम१९११ ची गोळी सुमारे १५ ग्रॅमची, वेग सेकंदाला २५० मीटरच्या आसपास. ल्यूगरची ८ ग्रॅमची, पण वेग ३५० मीटर. गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग येत असल्याने हलकी गोळी कसर भरून काढते आणि दोन्हीकडे ४७० ते ४९० ज्यूल निघतात. जाड गोळीचं भोक मोठं, एवढाच काय तो फरक. त्याच काळातल्या जर्मन रायफलची गोळी साडेतीन हजार ज्यूलच्या पुढे जाते. गेममध्ये हे अंतर सहसा बरंच कमी दाखवतात.

बाह्यरूपावर मेहनत खूप घेतात, तरी साल चुकतं. जपानी नांबू टाइप १४ पिस्तुलाच्या चापाभोवतीची कडी १९३९ च्या सुमारास मोठी केली, कारण मांचुरियाच्या (ईशान्य चीनमधल्या) थंडीत हातमोजा घातलेलं बोट आत जाईना. १९३७ च्या चीनमधल्या प्रसंगात मोठ्या कडीचं नांबू दिसलं तर ते चूकच.

पण सगळ्यात मोठी चूक बंदुकीची नाहीच, माणसाची आहे. गेममध्ये प्रत्येक शिपायाच्या कमरेला पिस्तूल असतं. प्रत्यक्षात ते मुख्यतः अधिकारी, वैमानिक, रणगाड्यातले सैनिक, मशिनगन चालवणारे अशांना मिळे. साध्या रायफलधाऱ्याला सहसा नाही. ब्रिटिश एनफिल्ड रिव्हॉल्व्हरच्या एका आवृत्तीत तर घोड्याचं मागचं टोकच काढून टाकलं होतं, रणगाड्यात चढता-उतरताना ते अडकू नये म्हणून.