एसडब्ल्यूआर 1:1 म्हणजे अँटेना भारी? नाही हो!

हॅम रेडिओत (हौसेने रेडिओवर एकमेकांशी बोलायच्या छंदात) नवीन आलेल्या प्रत्येकाला कोणीतरी सांगतंच की एसडब्ल्यूआर (स्टँडिंग वेव्ह रेशो) मीटरवर 1:1 आलं, म्हणजे पाठवलेली पॉवर अजिबात परत येत नाही, की अँटेना झकास. हे डोक्यातून काढून टाका. डमी लोड म्हणजे नुसता 50 ओहमचा रेझिस्टर, तो लावा, मीटर परफेक्ट 1:1 दाखवेल आणि सिग्नल शेजारच्या गल्लीत पण नीट जाणार नाही, सगळी पॉवर उष्णता होऊन जाते.

मीटर फक्त एवढंच सांगतो की पॉवर किती परत येतेय, पुढे गेलेली हवेत गेली की वाटेतच संपली हे त्याला कळतच नाही. आणि केबल तर अजून फसवते. 30 मीटर आरजी-58 (रेडिओ आणि अँटेना जोडणारी बारीक कोॲक्स केबल) घेऊन 145 मेगाहर्ट्झवर बोलायला गेलात तर दोन तृतीयांश तरी पॉवर केबलच खाते, परत येणारी पॉवर पण तीच खाते, त्यामुळे पलीकडे अँटेना जोडलेलीच नसली तरी रेडिओजवळचा मीटर 2:1 च्या आसपास दाखवतो आणि आपण म्हणतो चालतंय की! म्हणून मीटर एकदा केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला लावून बघाच.

उलट एसडब्ल्यूआर 1.5 (म्हणजे 1.5:1) ला जेमतेम 4 टक्के पॉवर परत येते, 2 ला 11 टक्के, समोरच्याला फरक पण कळत नाही. 40 मीटर बँडचा (साधारण 40 मीटर तरंगलांबीचा) साधा 20 मीटर वायरचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली सरळ वायरची अँटेना) असेल तर 1.3 चं 1.1 करत बसू नका, तोच वेळ वायर अजून उंच बांधण्यात घाला, फरक तिथे पडतो.