चावरा कुत्रा: मारायचा, सुधारायचा की नुसताच कोंडायचा?

पिसाळलेल्या कुत्र्याबद्दल फारसा वाद होत नाही. बरा न होणाऱ्या आजाराने किंवा अपघाताने तडफडणाऱ्या कुत्र्याबद्दलही नियम स्पष्ट आहेत. वाद पेटतो तो धडधाकट, रेबीज नसलेल्या, पण माणसाच्या अंगावर जाणाऱ्या कुत्र्यावरून. साताऱ्यात असो वा सांगली-मिरजेत, लहान मुलाला चावा बसला की एक बाजू ‘मारून टाका’ म्हणते आणि दुसरी ‘हात लावाल तर गुन्हा’ म्हणते. दोघांनाही कायद्यात थोडाथोडा आधार सापडतो, कारण हे नियम वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हेतूंनी, एकावर एक रचले गेले आहेत.

सुरुवात मारण्यापासूनच झाली. मुंबईत इंग्रजांनी ठरावीक महिन्यांत मोकाट कुत्री मारायला परवानगी दिली होती आणि दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. १८३२ मध्ये त्यावरून पारशी समाजाने दंगल केली. पुढे १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला जाहीर नोटीस काढून मोकाट कुत्री मारण्याचा अधिकार दिला. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही भटकी कुत्री ठरलेल्या पद्धतीने मारणे हा गुन्हा मानला नाही. कितीतरी नगरपालिकांत कुचला हे विष घातलेले मांस टाकणे हाच बंदोबस्त होता. कुचल्याने कुत्रा शुद्धीवर असतानाच आचके देत मरतो, आणि तेच मांस पाळीव जनावरांच्याही पोटात जाते.

२४ डिसेंबर २००१ च्या श्वान जन्म नियंत्रण नियमांनी हे बदलले. दयामरण फक्त असाध्य आजारी किंवा मरणप्राय जखमी कुत्र्याला. रेबीजचा संशय असला तरी मारायचे नाही, वेगळे ठेवून नैसर्गिक मृत्यूची वाट पाहायची. रेबीज नसून दुसरा आजार निघाला, तर कुत्रा प्राणी कल्याण संस्थेकडे द्यायचा. निरोगी पण चावरा कुत्रा यातल्या कोणत्याच कलमात नीट बसत नव्हता. राज्याचे जुने कायदे एक सांगत होते, केंद्राचे नवे नियम दुसरे. डिसेंबर २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने बहुमताने पालिकांचा मारण्याचा अधिकार मान्य केला, आणि जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. ते प्रकरण मे २०२४ मध्ये मिटले. मधली पंधरा वर्षे अशा कुत्र्याबाबत निर्णय घ्यायला कोणी अधिकारी धजत नव्हता. सोपी पळवाट म्हणजे कुत्रा पकडून घाटात किंवा शेजारच्या गावच्या शिवारात सोडणे. हे नियमाविरुद्ध आहेच, शिवाय अनोळखी हद्दीत घाबरलेला कुत्रा जास्त चावतो.

मार्च २०२३ च्या नव्या नियमांत चावलेल्या कुत्र्याला किमान दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवायचे आहे. दहाच दिवस का? रेबीजचा विषाणू लक्षणांच्या काही दिवस आधी लाळेत येतो आणि लक्षणांनंतर कुत्रा लवकर मरतो. दहा दिवस ठणठणीत राहिलेला कुत्रा चावताना रेबीज पसरवत नव्हता, असे मग म्हणता येते. (माणसाने लसीसाठी ही मुदत संपायची वाट पाहायची नाही. जखम साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्यात धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.) स्वभावाने हिंस्र कुत्र्याचा उल्लेखही या नियमांत आला आणि तो संस्थेने सुधारावा असे ठरले. कोणाच्या पैशाने, किती दिवस, आणि सुधारला हे कोण ठरवणार, ते कोरेच राहिले.

२२ ऑगस्ट २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश या कोऱ्या जागेवरच येऊन पडला. त्याआधी ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातील सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात कोंडायचा आदेश झाला होता. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो सौम्य केला: निर्बीजीकरण, जंतनाशक आणि लस देऊन कुत्रा मूळ जागी सोडायचा. अपवाद रेबीज झालेल्या, रेबीजचा संशय असलेल्या आणि आक्रमक वर्तनाच्या कुत्र्यांचा. ती परत रस्त्यावर येता कामा नयेत. आक्रमक कोणाला म्हणायचे, याची व्याख्या मात्र आदेशात नाही, आणि इथे सगळे त्या व्याख्येवरच अवलंबून आहे. पिल्ले पाजणारी कुत्री जवळ येणाऱ्यावर धावते. पिल्ले मोठी झाली की शांत होते. कान सडलेला कुत्रा डोक्याला हात लागताच फटकन चावतो. तीन आठवडे औषध घातले की पुन्हा चावत नाही. मोटारसायकलमागे धावणारा बहुधा चावतच नाही, पण त्याच्यामुळे माणूस पडून हात मोडतो. आणि एखादा कुत्रा काही न भुंकता मागून येऊन पोटरीचा लचका तोडतो. तक्रार अर्जात हे चौघेही ‘आक्रमक’च असतात.

वर्तनतज्ज्ञ यासाठी सहा पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात. पहिल्या पायरीत दात लागतच नाहीत, दुसऱ्यात लागतात पण भोक पडत नाही. तिसऱ्यात एका चाव्यात एक ते चार भोके पडतात, सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा उथळ. चौथ्यात निदान एक भोक त्याहून खोल जाते आणि भोवती काळेनिळे होते, म्हणजे कुत्र्याने धरून ठेवले किंवा झटके दिले. पाचव्यात असे अनेक खोल चावे, सहाव्यात मृत्यू. पहिल्या दोन पायऱ्यांचा कुत्रा जन्मभर कोंडणे अन्याय आहे. पाचव्या पायरीचा कुत्रा लस टोचून शाळेच्या रस्त्यावर सोडणे हा त्याहून मोठा अन्याय आहे. उत्तर प्रदेशाने सप्टेंबर २०२५ मध्ये निदान एक रेघ ओढली: कुत्रा विनाकारण चावला का हे तिघांची समिती ठरवणार, पहिल्या वेळी दहा दिवस निरीक्षण आणि मायक्रोचिप, दुसऱ्या वेळी कायमचा निवारा. ती रेघ ओबडधोबड आहे. खोली मोजत नाही, फक्त वेळा मोजते.

पुढे ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, एसटी स्थानके आणि रेल्वे स्थानके इथली कुत्री हलवायला सांगितली, आणि ती परत तिथे सोडायची नाहीत. सातारा, कऱ्हाड, सांगली स्थानकांवर किंवा मिरज जंक्शनवर राहणारी बरीच कुत्री माणसाळलेली असतात. त्यांनीच पिंजरे भरले, तर खरोखर धोकादायक कुत्र्याला वेगळी जागा उरणार नाही.

सुधारणा होते, पण तिला अटी आहेत. आधी कान, दात, सांधे, जुन्या जखमा तपासायच्या. दुखत असेल तर शिकवणी फुकट. मुसकी जाळीची हवी, तिच्यातून कुत्र्याला धापा टाकता आणि पाणी पिता आले पाहिजे. तोंड आवळणारी कापडी मुसकी सांगलीच्या एप्रिलमध्ये जीव घेऊ शकते. मग ज्या अंतरावर परका माणूस दिसतो पण कुत्रा ताठरत नाही, समजा पंधरा मीटर, तिथून सुरुवात. माणूस दिसला की कोंबडीचा तुकडा, माणूस गेला की तुकडा बंद. दिवसातून दोनदा, पाच-दहा मिनिटे. माणूस दिसताच कुत्रा तुकड्यासाठी आपल्याकडे वळू लागला, की मगच एखादा मीटर जवळ. काही कुत्र्यांना पशुवैद्य फ्लुऑक्सेटिन हे भीती-चिंता कमी करणारे औषध देतात. त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. नसबंदीने नरांची मारामारी आणि भटकणे कमी होते, भीतीतून चावणारा मात्र तसाच राहतो. काठीने गुरगुरणे थांबते, भीती थांबत नाही, आणि पुढचा चावा इशाऱ्याविना येतो. हे काम महिनोन्महिने चालते. दिवसभर शेजारच्या पिंजऱ्यांतून भुंकणे चालू असेल, तर तिथे ते होतच नाही.

दयामरणाचेही तंत्र आहे. आधी गुंगी, मग पूर्ण बेशुद्धी, मग औषध. दुसऱ्या कुत्र्यासमोर नाही. मृत्यूची खात्री झाल्याशिवाय विल्हेवाट नाही. हे औषध २००१ च्या नियमांत थायोपेंटल होते, २०२३ च्या नियमांत पेंटोबार्बिटल आहे. शुद्धीवर असताना नुसते मॅग्नेशियम सल्फेट टोचणे ही क्रूरताच. पण विसंगती पाहा: भटका कुत्रा कितीही तपासून धोकादायक ठरला तरी त्याला दयामरण नाही. पाळीव कुत्र्याला दयामरणाचे हे कलम लागूच नाही, त्यामुळे मालकाची सही आणि तयार डॉक्टर एवढ्यावर, कसलीही वर्तन-तपासणी न करता, त्याचा शेवट होऊ शकतो.

मालकावर मात्र कायदा मऊ आहे. कुत्रा बेवारस सोडण्याचा दंड १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. निष्काळजीपणाने कुत्रा मोकळा ठेवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मार्च २०२४ मध्ये केंद्राने पिटबुल, रॉटवायलरसह २३ जातींवर बंदीचे पत्रक काढले. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्ये रद्द केले. तसेही आपल्याकडे मळ्यातला चावरा कुत्रा बऱ्याचदा साधा गावठीच असतो. तीन ते चौदा आठवडे हे पिल्लाने माणसे ओळखायचे वय. माण-खटाव, जत-आटपाडीकडच्या मेंढपाळांचे कुत्रे त्या वयात मेंढरांत, पोरांत आणि वाटसरूंत वाढते. बंगल्याच्या फाटकाला दोन महिन्यांचे असल्यापासून बांधलेले पिल्लू परका माणूस पाहते तो साखळी ताणूनच. त्याला साखळीऐवजी कुंपण, दिवसातून दोनदा पट्ट्यावर फेरी आणि दरवर्षी रेबीजची लस हवी.

दंशाच्या नोंदीत बहुतेक वेळा जखमेची श्रेणी आणि लसीच्या तारखा असतात. कुत्रा कोणाचा, बांधलेला होता का, पिल्ले होती का, एकदाच चावला की सोडेना, भोके किती खोल, हेही त्याच दिवशी लिहून घ्यायला हवे. पंधरा दिवसांनी विचारले, तर उत्तर शेजाऱ्यांचे आपसात पटते की नाही यावर ठरते.