इंटरनल ऑडिट की स्टॅट्युटरी ऑडिट? दोघंही वह्याच तपासतात ना?

आर्टिकलशिपला (सीए होण्यासाठीच्या प्रॅक्टिकल ट्रेनिंगला) असताना मी नक्की काय करतो हे घरी कधीच पटवून देता आलं नाही, "ऑडिटला जातो" म्हटलं की विषय संपला. पण चाकणच्या एका गोडाऊनात महिनाभर नटबोल्टच्या गोण्या मोजल्या ते इंटरनल ऑडिट, आणि नंतर दुसऱ्या क्लायंटसाठी बँकांना बॅलन्स कन्फर्मेशनची पत्रं पाठवत बसलो ते स्टॅट्युटरी, म्हणजे कायद्याने सक्तीचं ऑडिट.

इंटरनलवाल्याला बोर्ड नेमतं, तो कंपनीचा पगारी माणूस असला तरी चालतो. माल उतरवून घेणारा आणि बिल पास करणारा एकच माणूस तर नाही ना, असल्या भानगडी तो वर्षभर बघतो. स्टॅट्युटरीवाल्याला शेअरहोल्डर एजीएममध्ये (वार्षिक सर्वसाधारण सभेत) नेमतात, त्याचा रिपोर्ट सुरूच होतो 'टू द मेंबर्स'ने, मेंबर्स म्हणजे हेच शेअरहोल्डर. (फी मात्र कंपनीच देते, मेख आहे ती तिथेच.)

आता सत्यम या आयटी कंपनीचा घोटाळा आठवा. 7 जानेवारी 2009 ला तिचे चेअरमन रामलिंग राजूंनी पत्रात लिहून दिलं की कॅश आणि बँक बॅलन्स 5,040 कोटींनी फुगवलाय. म्हणजे जो आकडा बँकेला थेट विचारून पडताळता येतो, नेमका तोच खोटा! त्यानंतर आलेल्या 2013 च्या कंपनी कायद्यात कलम 138 ने लिस्टेड कंपन्यांना इंटरनल ऑडिटर सक्तीचा केला, आणि कलम 144 मुळे स्टॅट्युटरी ऑडिटरला त्याच कंपनीचं इंटरनल ऑडिट किंवा अकाउंट्स लिहिण्याचं काम घेता येत नाही. लिस्टेड कंपनीत एकच फर्म सलग 10 वर्षांपेक्षा जास्त राहू शकत नाही, मग 5 वर्षं बाहेर. आणि कंपनीच्याच माणसांनी 1 कोटी किंवा त्याहून मोठा फ्रॉड केलाय असं स्टॅट्युटरी ऑडिटरला वाटलं तर आधी बोर्ड किंवा ऑडिट कमिटीला कळवायचं, 45 दिवसांत त्यांचं उत्तर मागायचं, मग थेट केंद्र सरकारला रिपोर्ट करायचा, डायरेक्टरच्या कानात सांगून भागत नाही.

गोंधळ वाढतो कारण हल्ली इंटरनल कंट्रोल्सवरही (चुका आणि फ्रॉड रोखायच्या कंपनीतल्या व्यवस्थेवरही) स्टॅट्युटरी ऑडिटरला मत द्यावं लागतं, त्यामुळे तो इंटरनलचे रिपोर्ट मागवून वाचतो, पण सही त्याची म्हणजे जबाबदारीही त्याचीच. आमच्या त्या गोडाऊनात 31 मार्चला स्टॅट्युटरीवाले आले, माझी काउंट शीट बघून "व्यवस्थित आहे हां" म्हणाले, आणि बाह्या सरसावून त्यातल्या काही गोण्या स्वतः परत मोजायला बसले.