कांद्याच्या मुळाची स्लाइड परत पाठवण्यापूर्वी

आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा परत येणारी स्लाइड म्हणजे कांद्याच्या मुळाच्या टोकाची. सोबतची चिठ्ठीही जवळजवळ ठरलेली: "सूत्री विभाजन दिसतं, पण अर्धगुणसूत्री कुठेच सापडत नाही. बदलून पाठवा." आम्ही ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो, तर पूर्वावस्थेपासून अंत्यावस्थेपर्यंत चारही अवस्था स्वच्छ दिसतात. स्लाइडमध्ये दोष नसतो. या सगळ्या जाण्यायेण्यात तुमचे प्रात्यक्षिक मात्र खोळंबते, म्हणून हे पत्रक आता प्रत्येक खोक्यात घालत आहोत.

मुळाच्या टोकात मिओसिस, म्हणजेच गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे अर्धगुणसूत्री विभाजन, होतच नाही. कितीही चांगली स्लाइड आणली तरी तिथे ते दिसणार नाही. मुळाचे काम लांब होण्याचे, आणि त्यासाठी जी नवी पेशी तयार होते तिला मूळ पेशीइतकाच पूर्ण संच लागतो. कांद्यात हा संच १६ गुणसूत्रांचा आहे. विभाजनापूर्वी प्रत्येक गुणसूत्राची प्रत तयार होते, मध्यावस्थेत सगळी पेशीच्या मधोमध रांगेत येतात, पश्चावस्थेत प्रत्येकाचे दोन भाग विरुद्ध टोकांकडे ओढले जातात. १६ मधून १६ आणि १६. आपली जखम भरून येते तीही याच सूत्री विभाजनाने.

अर्धगुणसूत्री विभाजन होते ते पुढच्या पिढीची तयारी जिथे चालते तिथे. प्राण्यांत वृषणात आणि अंडाशयात, फुलझाडांत परागकोशात आणि बीजांडात. परागकोशातली एक परागमातृपेशी लागोपाठ दोनदा विभागते आणि चार पेशी होतात, प्रत्येकीत ८ गुणसूत्रे. नर आणि मादी युग्मके (प्रजननपेशी) एकत्र आली की ८ आणि ८ मिळून पुन्हा १६. ही निम्मी करण्याची पायरी नसती तर दर पिढीला गुणसूत्रांची संख्या दुप्पट होत गेली असती.

इथून दुसरी तक्रार येते, "एकाच कांद्याच्या दोन स्लाइड, एकीवर १६ आणि दुसरीवर ८, यातली बरोबर कोणती?" दोन्ही बरोबर आहेत. १६ ची स्लाइड मुळाची, ८ ची फुलाच्या कळीची. कळीच्या स्लाइडवर पहिल्या मध्यावस्थेत दिसणाऱ्या ८ आकृत्या म्हणजे ८ जोड्या आहेत, सुटी गुणसूत्रे नव्हेत. आईकडून आणि वडिलांकडून आलेली समजात गुणसूत्रे एकमेकांना चिकटून उभी असतात. त्याआधीच्या लांबलेल्या पूर्वावस्थेत त्यांच्यात तुकड्यांची अदलाबदल झालेली असते, आणि एकाच झाडाच्या दोन बियांतून उगवलेली रोपे तंतोतंत सारखी नसतात याचे एक मोठे कारण तेच. पहिल्या विभाजनात जोडीदार वेगळे होतात, म्हणजे संख्या निम्मी होते ती इथेच. दुसरे विभाजन घडणीने सूत्री विभाजनासारखेच असते. हा भाग वर्गात घाईने उरकला जातो आणि मग मुले निम्मे होणे दुसऱ्या विभाजनावर ढकलतात. आमच्या मते शिकवताना सर्वांत जास्त वेळ इथेच द्यायला हवा.

मुळाच्या स्लाइडवर विभाजन शोधताना अगदी टोकावर थांबू नका, तिथे मूलटोपी (टोक झाकणारे आवरण) असते. तिच्या लगेच मागे लहान, चौकोनी, गच्च भरलेल्या पेशींचा पट्टा आहे, तिथे पाहा. त्याच्या वर पेशी लांबट होत जातात, तिथे विभाजन जवळपास संपलेले असते. पट्ट्यातही बहुतेक पेशींचे केंद्रक नुसते गोल दिसेल, कारण पेशीचा बराचसा काळ दोन विभाजनांच्या मधल्या तयारीत जातो. आधी कमी वर्धनाच्या भिंगाने पट्टा गाठा, मग वर्धन वाढवा. आम्ही प्रत्येक स्लाइडच्या मागच्या बाजूला शाईचा ठिपका ठेवतो तो याच जागेसाठी. कृपया तो पुसू नका.

स्वतःचे साहित्य आणून आमच्या पेशी रंगवण्याच्या संचाने मिओसिसची स्लाइड करणाऱ्यांनी उमललेले फूल घेऊ नये. फूल उमलेपर्यंत परागकोशातले अर्धगुणसूत्री विभाजन केव्हाच उरकलेले असते आणि हाती फक्त परागकण लागतात. (परागकणात पुढे जे विभाजन होते ते पुन्हा सूत्रीच.) छोट्या बंद कळ्या घ्या, वेगवेगळ्या आकारांच्या. पिवळे पडलेले परागकोश सोडून द्या. कळ्या तोडल्याबरोबर तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसिटिक आम्लाच्या मिश्रणात टाका. त्याने पेशी ज्या अवस्थेत असतील त्याच अवस्थेत थांबतात. हे घरी नेऊन सावकाश करू म्हटले की अवस्था हातच्या जातात.

टोळाच्या वृषणाची स्लाइड घेणाऱ्यांसाठी एक खुलासा. पूर्वावस्थेतल्या पेशीत कडेला गडद गोळा दिसतो, तो रंगाचा डाग नाही. आम्ही वापरतो त्या टोळाच्या नरात २३ गुणसूत्रे असतात. त्यांपैकी २२ च्या ११ जोड्या होतात आणि एकटे राहिलेले एक्स गुणसूत्र घट्ट गुंडाळून गडद दिसते. ही स्लाइड खराब म्हणून परत करू नका, वर्गात दाखवण्यासारखी तीच सर्वांत चांगली.

मूळ आणि कळी एकाच काचेवर का देत नाही, असेही विचारले जाते. दोन्हींची जाडी आणि रंगण्याचा वेळ वेगळा. एकत्र केल्यास कोणतीतरी एक बाजू फिकी राहते, आणि ती माथी मारणे आम्हाला पटत नाही. त्याऐवजी दोन वेगळ्या स्लाइडचा जोडसंच ठेवला आहे. मुळाच्या स्लाइडला हिरवी पट्टी, कळीच्या स्लाइडला तांबडी. नुसती "पेशी विभाजनाची स्लाइड" अशी मागणी आली तर आम्ही हाच संच सुचवतो. फक्त एकच हवी असेल तर मागणीत "मूळ" किंवा "कळी" हा शब्द लिहा.

स्लाइड तडकलेली, बुडबुडा असलेली किंवा रंग उतरलेली निघाली तर विनातक्रार बदलून देऊ. विभाजन सापडत नसेल तर मात्र आधी फोनच्या कॅमेऱ्याने भिंगातून फोटो काढून पाठवा. त्यावर कुठे पाहायचे ते खूण करून आम्ही परत पाठवतो.