मालवण कोल्हापूरचं होतं तेव्हा

कोल्हापुरात ‘समुद्राला जाऊ या’ असं कुणी म्हटलं की पुढं गावाचं नाव विचारावं लागत नाही. शनिवारी पहाटे गाडी काढायची, राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरायचा, नाहीतर गगनबावड्यावरून करूळ घाटानं खाली जायचं. न्याहारी कणकवलीत आणि दुपारचं ताट मालवणात. घाट संपला की बोली बदलते, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या जागी सोलकढी येते, आणि आपण परमुलखात आलो असं वाटायला लागतं. १८१२ पर्यंत मात्र मालवण बंदर, समोरचा सिंधुदुर्ग आणि आजूबाजूचे छोटे कोट करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, छत्रपतींच्याच ताब्यात होते. किल्ला दाखवणारे बहुतेक जण शिवाजी महाराजांपासून सुरू करतात आणि तिथंच थांबतात. मधलं शतक-सव्वाशतक गाळलं जातं आणि नेमका कोल्हापूरचा भाग त्यात जातो.

सुरुवात खडकांपासून करायला हवी. मालवणसमोरचा समुद्र वरून मोकळा दिसतो, पण पाण्याखाली खडकांची रांगच्या रांग आहे. काही खडक ओहोटीला डोकं काढतात, काही कधीच दिसत नाहीत. गलबत आत आणायच्या वाटा अरुंद आणि नागमोडी. त्या वाटा ज्याला पाठ, बंदर त्याचं. जंजिऱ्याच्या सिद्दीनं महाराजांना आयुष्यभर दाद दिली नाही. तसाच अभेद्य जलदुर्ग आपला असावा म्हणून जागेचा शोध सुरू झाला आणि किनाऱ्याजवळचं कुरटे बेट नजरेत भरलं. चौऱ्याऐंशी बंदरांत अशी जागा दुसरी नाही, असं महाराज म्हणाल्याचं सांगतात. २५ नोव्हेंबर १६६४ ला कामाचा मुहूर्त झाला. दांडीच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. त्या खडकावर गणपती, सूर्य आणि चंद्र कोरलेले आहेत आणि मुहूर्ताची पूजा तिथंच झाली असं मानतात.

साधारण ४८ एकरांचं बेट, भोवती जवळजवळ तीन किलोमीटरचा तट. पायाचे चिरे शिसं ओतून बसवले. होडीतून जाताना मजा अशी की अगदी जवळ पोचेपर्यंत दरवाजा कुठं आहे ते कळत नाही. दोन बुरुजांच्या कवेत तो असा दडवलाय की होडी वळते तेव्हाच तोंड दिसतं. चारी बाजूंनी खारं पाणी असून आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. महिनोन्‌महिने वेढा सोसण्याची ताकद तोफांपेक्षा या तीन विहिरींत जास्त होती, असं माझं मत.

सिंधुदुर्ग एकटा नव्हता. जवळच्या दुसऱ्या बेटावर पद्मगड. ओहोटी चांगली लागली की किनाऱ्यावरून वाळूतून चालत तिथं जाता येतं, फक्त भरतीची वेळ आधी एखाद्या कोळ्याला विचारून घ्यावी. गावाच्या टोकाला खडकावर राजकोट आणि उत्तरेला कोळंबच्या खाडीच्या तोंडाशी सर्जेकोट. राजकोटचं नाव अलीकडं सगळ्यांच्या तोंडी झालं ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यामुळं. डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला आणि २०२५ मध्ये तिथं नवा उभा राहिला.

मराठी राज्याच्या दोन गाद्या झाल्या आणि १७३१ च्या वारणेच्या तहानं सातारा आणि कोल्हापूर यांच्या हद्दी ठरल्या. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख करवीरकडं आला. त्यांची राजधानी तेव्हा पन्हाळ्यावर होती आणि आरमार मालवणला. डोंगरातल्या राज्याला समुद्राची ती एक खिडकी होती, आणि खिडकी फक्त हवा खायला नव्हती. मालवणहून निघणारी गलबतं येणारी-जाणारी व्यापारी जहाजं अडवून लुटत. इंग्रजांच्या दप्तरात या लोकांना सरळ चाचे म्हटलंय, आणि मालवणवरून त्यांचं नावच ‘मालवान’ पडलं. आपल्याकडं त्याला आरमार म्हणतात. खरं दोन्हीच्या मधे कुठंतरी असावं. समुद्रावर कर कुणी घ्यायचा हाच तर भांडणाचा विषय होता, आणि इंग्रजही फुकट समुद्र मागत नव्हते.

१७६५ मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीनं मुंबईहून मोहीम पाठवून सिंधुदुर्ग घेतला. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन हे तिचे म्होरके. किल्ल्याचं नाव बदलून ‘फोर्ट ऑगस्टस’ केलं. पुढं काय करायचं हा प्रश्न मात्र सुटेना. किल्ला ठेवला तर उत्पन्न नाही, पाडावा तर पडत नाही. शेवटी करवीरशी सौदा करून तो परत दिला. करवीरच्या गादीवरचे शिवाजी महाराज (किल्ला बांधणारे नव्हेत, त्याच नावाचे पुढचे राजे) तेव्हा अजाण होते, कारभार करवीरच्या राणी जिजाबाईसाहेबांच्या हाती होता. व्यापाराला त्रास देणार नाही अशी हमी, शिवाय पावणेचार लाखांवर रुपये, असा तो सौदा. फोर्ट ऑगस्टस हे नाव पुसलं गेलं, लूटमार काही थांबली नाही.

म्हणून १८१२ चा तह आला. या वेळी पैसे देऊन सुटका नव्हती. मालवण बंदर, सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट, सर्जेकोट असं सगळं कंपनीच्या स्वाधीन करावं लागलं. चिकोडी-मनोळी या मुलखावरचा हक्कही सोडावा लागला. बदल्यात बाकीच्या शत्रूंपासून संरक्षणाचं आश्वासन मिळालं. कोल्हापूरचा समुद्र त्या दिवशी संपला.

राज्य गेलं तरी वाट मोडली नाही. घाटांतून बैलांचे तांडे गूळ आणि धान्य घेऊन उतरत आणि मीठ, नारळ, आमसूल, सुकी मासळी घेऊन वर चढत. किल्ल्यावर शिवराजेश्वराचं मंदिर आहे. राजाराम महाराजांनी ते उभारलं असं परंपरा सांगते. मूर्ती बसलेली, दाढी नसलेली आणि डोक्यावर नावाड्यासारखी टोपी. महाराजांचं एवढं साधं रूप दुसरीकडं बघायला मिळत नाही. या मंदिरापुढचा सभामंडप विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजर्षी शाहू महाराजांनी बांधवला. किल्ला सुटून तेव्हा नव्वदेक वर्षं झाली होती.

आज सुट्टीला मालवणला जाणाऱ्या दहांतल्या निम्म्यांना किल्ल्यापेक्षा स्कूबाचं आकर्षण जास्त असतं. त्यालाही ते खडकच कारण. गलबतं फोडणाऱ्या त्याच रांगांवर प्रवाळ वाढलं आणि त्याच्या आसऱ्याला मासे आले. १९८७ मध्ये सरकारनं इथं सागरी अभयारण्य जाहीर केलं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं, आणि सिंधुदुर्ग, पद्मगड गाभ्यातच आले. मासेमारीवर गदा येईल म्हणून मच्छीमारांचा विरोध झाला, तो बराच काळ धुमसत राहिला. पुढं पर्यटन वाढलं तसे त्याच घरांतले तरुण डुबकीचा पोशाख चढवून पर्यटकांना पाण्याखाली न्यायला लागले.

माझा अनुभव सांगतो. पाणी पंधरावीस फूटच खोल होतं. तोंडातल्या नळीतून श्वास घ्यायची सवय होईपर्यंत जीव घाबरतो, मग कानात एक कळ येते, नाक दाबून हवा सोडली की कान मोकळा होतो, आणि खाली पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे बोटांपाशी येतात. ते आपल्या प्रेमापोटी येत नाहीत, पावाच्या चुऱ्याच्या सवयीनं येतात. ही सवय लावू नये असं मला वाटतं. डिसेंबर-जानेवारीत पाणी जास्त नितळ असतं. मे सरता सरता समुद्र खवळला की किल्ल्याच्या होड्या बंद होतात आणि गणपतीनंतरच पुन्हा सगळं सुरळीत चालू होतं. पावसात कुणी ‘किल्ला करून येऊ’ म्हटलं तर समजावं की गड्यानं चौकशी केलेली नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात पन्हाळा आहे आणि सिंधुदुर्गही. करवीरची राजधानी आणि करवीरचं आरमार पुन्हा एका कागदावर आले, हे बातमीत कुणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

परतीला बाजारपेठेत खाजं घेतलं. बेसनाच्या कांड्या, वर आलं घातलेल्या गुळाचा थर, कागदात बांधून दिलेलं. गूळ कुठला म्हणून सहज विचारलं, तर दुकानातल्या काकी पुडीला दोरा गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, “खंयचो असतलो? घाटावरचोच.”