तळघराला आतून रंग लावून पाणी थांबत नाही

'आतून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारले की तळघर कोरडं', हा सल्ला गोव्यात दर मे महिन्यात ऐकू येतो. तो चुकीचा आहे, आणि लोकांचे पैसे त्यात फुकट जातात, याचं वाईट वाटतं.

गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. आपला जांभा चिरा सच्छिद्र. फोंडा, डिचोलीकडे उतारावरच्या घरांत मागची भिंत मातीत गाडलेली असते. तिच्यामागे मीटरभर पाणी साचलं, तर तळाशी दर चौरस मीटरला जवळपास एक टन दाब येतो. हा दाब रंगाला भिंतीपासून सोडवतो. आधी बोटाएवढे फुगे, मग पोपडे, मागे पांढरा क्षार.

पाणी बाहेरच अडवायला हवं. पागोळ्यांचं पाणी पन्हळीतून जोत्यापासून लांब सोडा, अंगणाचा उतार घराकडे नको, वरच्या अंगाला चर खणा. वॉटरप्रूफिंग करायचंच तर मातीच्या बाजूने, पावसाआधी. तरीही झिरपलं तर खड्डा करून त्यात पंप बसवा; वीज जाते, म्हणून इन्व्हर्टरवर चालणारा.