गोलविक्रम (क्लब फुटबॉल)

एका फुटबॉल क्लबकडून खेळताना एकाच खेळाडूने अधिकृत सामन्यांत केलेल्या गोलांची सर्वोच्च संख्या. हा मान बहुधा आघाडीच्या मधल्या खेळाडूकडे, म्हणजे सेंटर फॉरवर्ड किंवा स्ट्रायकरकडे जातो.

व्याख्या सोपी असली, तरी ‘अधिकृत सामना’ कशाला म्हणावे यावर एकमत नाही आणि बहुतेक वाद तेथेच उद्भवतात. ब्राझीलच्या सांतोस क्लबकडून १९५६ ते १९७४ या काळात खेळलेल्या पेले यांचे स्पर्धात्मक सामन्यांतील गोल सामान्यतः ६४३ मानले जातात. २२ डिसेंबर २०२० रोजी लिओनेल मेस्सी यांनी बार्सिलोनाकडून ६४४वा गोल केल्यावर एकाच क्लबसाठी सर्वाधिक गोलांचा विक्रम त्यांच्या नावे जाहीर झाला. परंतु मैत्रीपूर्ण सामन्यांतील ४४८ गोल धरून पेले यांची संख्या १,०९१ होते, असे सांतोसने प्रतिपादन केले. मैत्रीपूर्ण सामन्यांचा दर्जा एकसारखा नसल्याने पहिली मोजणी अधिक ग्राह्य ठरते. मात्र १९६०च्या दशकात सांतोसचा संघ दौऱ्यांवर युरोपातील नामांकित क्लबांशी खेळत असे, हे लक्षात घेता त्याचा दावा निव्वळ अभिमानापोटी केलेला म्हणता येत नाही.

मोजणीच्या याच दोन पद्धतींमुळे बार्सिलोनाचा विक्रम मेस्सी यांनी दोनदा मोडला. मार्च २०१२ मध्ये त्यांनी सेझार रॉड्रिगेझ यांच्या २३२ अधिकृत गोलांना मागे टाकले, तर मैत्रीपूर्ण सामने धरून पाउलिनो अल्कांतारा यांच्या नावे असलेली ३६९ ही संख्या ओलांडण्यास मार्च २०१४ उजाडले. पुढे २०२१ मध्ये क्लब सोडताना त्यांचे अधिकृत गोल ६७२ होते.

इंग्लंडमध्ये वादाची कारणे निराळी आहेत. टॉटनहॅमचे जिमी ग्रीव्ह्ज यांचे गोल क्लबच्या नोंदीनुसार २६६ आहेत. १९६२च्या चॅरिटी शील्ड या हंगामाच्या आरंभीच्या एकमेव लढतीतील दोन गोल धरल्यास ते २६८ होतात. त्यामुळे हॅरी केन यांनी ५ फेब्रुवारी २०२३ रोजी मँचेस्टर सिटीविरुद्ध केलेला २६७वा गोल विक्रमी होता की नाही, हे गणना कोणाची यावर ठरते. केन यांनी क्लब सोडेपर्यंत २८० गोल केल्याने या वादाला आता केवळ तारखेपुरते महत्त्व उरले आहे. न्यूकॅसलचे जॅकी मिलबर्न यांच्या २०० गोलांत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील गोल धरलेले नाहीत, कारण त्या वर्षांतील स्पर्धा अधिकृत मानल्या जात नाहीत. ॲलन शिअरर यांनी २००६ मध्ये हा विक्रम मोडला आणि २०६ गोलांवर कारकीर्द संपवली. आर्सेनलचे इयान राइट यांनी १९९७ मध्ये क्लिफ बॅस्टिन यांच्या १७८ गोलांशी केवळ बरोबरी झालेली असताना ‘१७९’ असे लिहिलेला सदरा प्रेक्षकांना दाखवला होता. त्याच सामन्यात त्यांनी पुढचा गोल केल्याने आकडा खरा ठरला.

कोल्हापूर येथे फुटबॉल संघ हे मुख्यतः तालीम-मंडळांचे आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमी आणि शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांचे सामने शाहू स्टेडियमवर होतात. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनची साखळी स्पर्धा आणि निरनिराळ्या चषक स्पर्धा असे दोन प्रकार असल्याने एखाद्या स्ट्रायकरचे गोल मांडताना ते वेगळे दाखवणे इष्ट ठरते. चषक स्पर्धेतील सामनेही नियम आणि पंचांसह खेळले जात असल्याने त्यांची गणना मैत्रीपूर्ण सामन्यांत करणे योग्य होणार नाही. खेळाडूने तालीम बदलल्यास आधीचे गोल जुन्या तालमीच्याच खात्यावर राहतात. पेठेतील चर्चेत अनेकदा केली जाते ती सगळी बेरीज म्हणजे त्या खेळाडूचा वैयक्तिक विक्रम होय, कोणत्याही तालमीचा नव्हे.

टायब्रेकरमधील, म्हणजे सामना बरोबरीत सुटल्यावर घेतल्या जाणाऱ्या पेनल्टी फटक्यांतील, गोलही या हिशेबात येत नाहीत. खेळाच्या नियमांनुसार ते फटके केवळ विजेता ठरवण्यासाठी असतात व सामन्याचा भाग मानले जात नाहीत. सामना सुरू असताना मिळालेल्या पेनल्टीवरील गोल मात्र फटका मारणाऱ्याच्या नावे जमा होतो.